इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची भाषा : डेटा फॉरमॅटची निवड कशी करावी?

व्यापारी व्यवहार म्हणजे बऱ्याच अंशी कागदपत्रांचीच देवाणघेवाण असते. दरपत्रक, खरेदी आदेश, डिलिव्हरी चलन, बीजक, पोच आणि शेवटी बँकेतील भरणा या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर एका पक्षाकडील माहिती दुसऱ्या पक्षाच्या नोंदवहीत जात असते. ही वही संगणकात गेल्यावर कागदाची जागा संदेशाने घेतली आणि हा संदेश कोणत्या साच्यात लिहावा, असा प्रश्न उभा राहिला. या साच्यालाच डेटा फॉरमॅट म्हणतात. वरवर पाहता हा प्रश्न संगणक विभागाचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र फॉरमॅट चुकला तर बीजक नाकारले जाते, देणे रखडते आणि ग्राहकाच्या कराची वजावटही अडकू शकते. म्हणूनच मालक, लेखापाल आणि निर्यात विभाग या सर्वांनीच तो समजून घेणे आवश्यक आहे.

भारतात वस्तू व सेवा कराच्या ई-इन्व्हॉइस पद्धतीमुळे हा विषय मध्यम आकाराच्या उद्योगांपर्यंत येऊन पोहोचला. १ ऑक्टोबर २०२० रोजी ही पद्धत ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना लागू झाली. त्यानंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटी रुपयांवर आली. त्यामुळे चाकण वा सातपूर औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा कारखानदार असो की भिवंडी, इचलकरंजीतील कापड व्यावसायिक, एका ठराविक साच्यातील बीजक तयार करणे अनेकांना बंधनकारक झाले आहे. त्यातच एखाद्याचा ग्राहक जर्मनीत वा अमेरिकेत असेल, तर त्याला आणखी वेगळ्या साच्याची मागणी येते. अशा वेळी निवड नेमकी कशाची करायची आणि कोणत्या निकषांवर, याचा हा परिचय.

टेलेक्सपासून सुरुवात

१९४८-४९ मध्ये बर्लिनची कोंडी झाली, तेव्हा शहराला विमानाने अन्नधान्य व कोळसा पुरवण्यात आला. वेगवेगळ्या भाषांतील व वेगवेगळ्या नमुन्यांतील मालयाद्यांमुळे या मोहिमेत गोंधळ होत असे. अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी त्यावर उपाय म्हणून टेलेक्स, रेडिओ वा दूरध्वनीवरून पाठवता येईल अशी एकसमान मालयादी तयार केली. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील वाहतूक कंपन्यांनी माहितीच्या समन्वयासाठी एक समिती स्थापन केली आणि तिच्या कामातून इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, अर्थात ईडीआय, ही संकल्पना आकाराला आली. १९७९ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने एक्स-१२ ही समिती नेमली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये स्वीकारले गेले.

ईडीआयचा जन्म झाला तो काळ संगणकाची स्मृती व दूरसंचार दोन्ही महाग असण्याचा होता. त्यामुळे या संदेशांमध्ये एकही अक्षर वाया जात नाही. एडिफॅक्टच्या संदेशात प्रत्येक ओळीला, म्हणजे सेगमेंटला, तीन अक्षरी नाव असते. घटक अधिकचिन्हाने, उपघटक विसर्गचिन्हाने आणि सेगमेंट एकेरी अवतरणचिन्हाने तोडले जातात. मागवलेला माल ५०० किलो आहे हे सांगायला ‘क्यूटीवाय’ हे नाव, ‘मागवलेले परिमाण’ या अर्थाचा २१ हा संकेतांक, ५०० हा आकडा आणि किलोग्रॅमसाठी ‘केजीएम’ एवढेच पुरते. एक्स-१२ मध्ये दस्तऐवजांना क्रमांक आहेत. ८५० म्हणजे खरेदी आदेश, ८५६ म्हणजे माल रवाना झाल्याची आगाऊ सूचना, ८१० म्हणजे बीजक. माणसाला वाचण्यासाठी ही भाषा घडवलेलीच नाही. यंत्राने यंत्राला सांगावे, एवढाच तिचा हेतू आहे.

ही भाषा जुनी असली तरी मोडीत निघालेली नाही, हे लक्षात घ्यायला हवे. किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्या, मोटार उद्योग, बंदरे व जहाज कंपन्या यांचे दैनंदिन व्यवहार आजही मोठ्या प्रमाणात एक्स-१२ वा एडिफॅक्टवर चालतात. अमेरिकी साखळी दुकानाला माल पुरवायचा असेल, तर ‘आम्हाला एक्सएमएल जमते’ असे सांगून बहुधा भागत नाही. ग्राहकाने दिलेल्या पुस्तिकेनुसार ८५० स्वीकारावा लागतो आणि ८५६ व ८१० पाठवावे लागतात. ८५६ वेळेत न पोहोचल्यास देयकातून दंड वळता करण्याची तरतूद अनेक करारांत असते.

एक्सएमएलचा उदय

ईडीआयच्या दोन अडचणी होत्या. तो राबवण्याचा खर्च मोठा होता आणि तो जाणणारे तज्ज्ञ मोजके होते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल ही भाषा अधिकृतपणे प्रसिद्ध केली, तेव्हा या दोन्ही अडचणींवर उपाय सापडला असे अनेकांना वाटले. १९८६ च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकाचे हे सुटसुटीत रूप होते. एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेली असते. बीजक क्रमांक कोणता, दिनांक कोणता, रक्कम कोणती, हे त्या खुणा वाचूनच कळते. युनिकोड हा तिचा पाया असल्याने देवनागरीसह कोणतीही लिपी तिच्यात चालते. शिवाय दस्तऐवज नियमानुसार आहे की नाही हे तपासणारी ‘स्कीमा’ ही व्यवस्था २००१ मध्ये आणि डिजिटल स्वाक्षरीची पद्धत २००२ मध्ये मानक म्हणून उपलब्ध झाली.

परंतु एक्सएमएल ही केवळ लिपी आहे, शब्दकोश नव्हे, हे लवकरच स्पष्ट झाले. बीजकाच्या क्रमांकाला एकाने एक नाव दिले आणि दुसऱ्याने वेगळे, तर दोन्ही दस्तऐवज निर्दोष एक्सएमएल असूनही एकमेकांना कळणार नाहीत. म्हणून सामायिक शब्दकोश घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक उद्योगाची रोझेटानेट ही संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांची व्यापारसुलभता संस्था आणि ओएसिस या मानकसंस्थेने मिळून १९९९ मध्ये ईबीएक्सएमएलचे काम हाती घेतले. या वाटेवर सर्वांत टिकाऊ ठरली ती युनिव्हर्सल बिझनेस लँग्वेज, म्हणजे यूबीएल. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये, तर २.१ ही आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि २०१५ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशानुसार सरकारी खरेदीसाठी ई-बीजकांचे समान मानक ठरवले. ईएन १६९३१ हे मानक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. बीजकात कोणती माहिती असावी आणि तिचा अर्थ काय, हे त्यात आधी ठरवले आहे. ती माहिती लिहिण्यासाठी मग दोन वाक्यरचना मान्य केल्या आहेत, यूबीएल आणि संयुक्त राष्ट्रांची सीआयआय. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत व्यवहारांत प्रत्येक व्यवसायाला अशी बीजके स्वीकारण्याची तयारी ठेवावी लागते. तेथील झुगफर्ड या प्रकारात डोळ्यांना दिसणाऱ्या पीडीएफच्या पोटातच यंत्राला वाचता येणारी एक्सएमएल फाइल ठेवलेली असते. नुसती पीडीएफ मात्र तेथे ई-बीजक मानली जात नाही, कारण ती यंत्राच्या दृष्टीने केवळ चित्र असते.

जेसॉन आणि भारतीय ई-बीजक

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संकेतस्थळांवरील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जेसॉन हा हलका फॉरमॅट पुढे आला. डग्लस क्रॉकफर्ड यांनी तो रूढ केला. २०१३ मध्ये एक्मा या संस्थेने त्याचे मानक काढले, तर २०१७ मध्ये आंतरजालाच्या आरएफसी ८२५९ या दस्तऐवजाने त्याची व्याख्या पक्की केली. नाव आणि मूल्य यांच्या जोड्या व त्यांच्या याद्या, एवढेच त्याचे व्याकरण आहे. जवळपास प्रत्येक संगणकीय भाषेला तो सहज वाचता येतो. त्यामुळे दोन प्रणाली एकमेकींशी थेट बोलतात त्या एपीआय व्यवहारांत आज त्याचेच प्राबल्य आहे.

भारतीय ई-बीजकाने हाच फॉरमॅट निवडला. आयएनव्ही-०१ या नावाने ओळखली जाणारी त्याची स्कीमा तयार करताना यूबीएल आणि युरोपातील पेपॉल या परंपरेचा आधार घेण्यात आला, मात्र लेखन जेसॉनमध्ये ठेवण्यात आले. उद्योगाने आपल्या लेखाप्रणालीत बीजक तयार करावे, त्याची जेसॉन फाइल नोंदणी पोर्टलकडे पाठवावी, पोर्टलने ती तपासून ६४ अक्षरांचा एकमेव नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, आणि स्वाक्षरीयुक्त क्यूआर कोड परत द्यावा, अशी ही पद्धत आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक यांवरून हा आयआरएन गणिती पद्धतीने काढला जातो. त्यामुळे एकच बीजक दोनदा नोंदवले जात नाही. पोर्टलवर नोंदलेले बीजक रद्द करायचे असल्यास २४ तासांची मुदत असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारने जेसॉन ठरवला म्हणून आपल्या संपूर्ण व्यवसायाने जेसॉनकडे वळावे, असा त्याचा अर्थ होत नाही. पोर्टलकडे जाणारी फाइल त्या साच्यात असावी, एवढीच अट आहे. लेखाप्रणालीत माहिती कशी साठवायची आणि इतर ग्राहकांना ती कोणत्या साच्यात द्यायची, याचे स्वातंत्र्य उद्योगाकडेच राहते. मात्र ज्याला ही पद्धत लागू आहे त्याने ती न पाळता काढलेले बीजक केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ४८ नुसार बीजकच ठरत नाही. याची झळ खरेदीदाराच्या कर-वजावटीला बसू शकते आणि म्हणून मोठे खरेदीदार आयआरएनविना बीजक स्वीकारत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांना बीजकाच्या दिनांकापासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. नाकारलेली फाइल दुरुस्त करण्यात दिवस घालवणे त्यामुळे परवडणारे नाही.

सीएसव्ही : सोपा, पण सांभाळून

लहान उद्योगांत सर्वांत जास्त वापरला जाणारा फॉरमॅट म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या नोंदींचा सीएसव्ही, किंवा सरळ एक्सेलची फाइल. तो कोणालाही उघडता येतो हेच त्याचे बलस्थान आणि तीच त्याची जोखीम. ‘रविवार पेठ, पुणे’ या पत्त्यातील स्वल्पविराम अवतरणचिन्हांत ठेवला नाही, तर पुढचे सर्व रकाने एक घर सरकतात. बीजकात एक शीर्षभाग आणि त्याखाली अनेक वस्तू असतात. ही उतरंड सपाट तक्त्यात नीट बसत नाही.

याहून घातक चूक आकड्यांची असते. द्राक्षांचा एचएसएन संकेतांक ०८०६ असा शून्याने सुरू होतो, आंब्याचा ०८०४ मध्ये येतो आणि हळदीचा ०९१० मध्ये. अशी फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडली तरी तो संकेतांक संख्या समजला जातो आणि आरंभीचे शून्य गळते. ती फाइल जतन केली की ०८०६ चे ८०६ कायमचे होते. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार असो वा सांगलीचा हळद व्यापारी, दोघांनाही ही अडचण सारखीच. एक्सेल पंधरा अंकांपलीकडची अचूकता राखत नाही, त्यामुळे १६ अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. उपाय साधा आहे. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते असे सर्व क्रमांक, म्हणजे एचएसएन, खाते क्रमांक, पिन कोड, दूरध्वनी, हे मजकूर म्हणूनच साठवावेत. जेसॉनमध्येही हीच दक्षता घ्यावी लागते, कारण अनेक प्रणाली १६ अंकी वा त्याहून मोठ्या संख्यांचे शेवटचे अंक बिनचूक ठेवण्याची हमी देत नाहीत.

फॉरमॅट एक, अर्थ अनेक

फॉरमॅट ठरला म्हणजे काम संपले असे नाही. खरे वाद उद्भवतात ते अर्थाच्या पातळीवर. त्यांपैकी चार बाबी नेहमी आढळतात.

पहिली बाब दिनांकाची. भारतीय ई-बीजकात ३ एप्रिल २०२४ हा दिवस ०३/०४/२०२४ असा लिहिला जातो. अमेरिकी वाचक तोच दिनांक ४ मार्च समजेल. यूबीएलमध्ये तो २०२४-०४-०३ असा, तर एक्स-१२ मध्ये २०२४०४०३ असा जातो. देयकाची मुदत दिनांकावरून मोजली जाते, म्हणून येथील एका महिन्याचा फरक पैशांत उतरतो.

दुसरी बाब रकमेची. एक्स-१२ च्या बीजकातील एकूण रकमेत दशांशचिन्ह लिहायचेच नसते. शेवटचे दोन अंक सेंट आहेत असे गृहीत धरले जाते. तेथे १२३४५ म्हणजे १२३ डॉलर ४५ सेंट. हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने सरळ डॉलरचा आकडा भरला, तर बीजक मूळ रकमेच्या एक शतांशाचे होते. युरोपातील अनेक देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तर आपल्याकडे स्वल्पविराम लाख-कोटी वेगळे दाखवण्यासाठी. संदेशात पाठवायच्या रकमेत हजार वा लाखाचे स्वल्पविराम कधीही ठेवू नयेत.

तिसरी बाब एककाची. जीएसटी प्रणालीत किलोग्रॅमचा संकेतांक ‘केजीएस’ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत, म्हणजे एडिफॅक्ट व यूबीएलमध्ये, तोच ‘केजीएम’ आहे. आपला क्विंटल जीएसटीमध्ये ‘क्यूटीएल’ असतो, तर संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला ‘डीटीएन’ असे नाव आहे. एककांतील गफलतीची किंमत किती मोठी असू शकते हे १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेल्या अमेरिकी यानाने दाखवून दिले. एका चमूची आकडेवारी पौंडांवर आधारलेल्या एककात आणि दुसऱ्याची मेट्रिक एककात असल्याने ते यान नष्ट झाले. व्यापारात यान बुडत नाही, पण चुकीच्या एककाचा आदेश पुरवल्यावर माल परत येतो.

चौथी बाब नावांची व लिपीची. एक्सएमएल आणि जेसॉनमध्ये युनिकोड देवनागरी निर्धोकपणे जाते. तथापि मराठी कार्यालयांतील जुन्या फाइली अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतात. त्या पडद्यावर मराठी दिसतात, परंतु आत असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. अशी माहिती संदेशात टाकली की समोरच्याला निरर्थक अक्षरे मिळतात. त्यामुळे ग्राहकांची व मालाची यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. एडिफॅक्टच्या प्राथमिक अक्षरसंचात तर रोमन लिपीतील केवळ मोठी अक्षरे मावतात आणि सीमापार बँक संदेशांतही लॅटिन लिपीचाच वापर होतो. मराठी नावे रोमनमध्ये लिहिताना स्पेलिंग बदलते. म्हणून पक्षकाराची ओळख नावावरून न पटवता जीएसटी क्रमांक, आयएफएससी वा अन्य निश्चित क्रमांकावरून पटवावी.

बँकेची भाषाही बदलली

बीजकाचा शेवट देयकात होतो, म्हणून बँकांच्या फॉरमॅटकडे दुर्लक्ष करता येत नाही. आंतरराष्ट्रीय बँकव्यवहारांत दीर्घकाळ स्विफ्टचे एमटी संदेश प्रचलित होते. एमटी-१०३ या संदेशात पैसे कशाबद्दल पाठवले, हे सांगायला प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळी असत. वीस बीजकांचे पैसे एकत्र आले, की त्या चार ओळींत वीस क्रमांक बसत नसत आणि लेखापालाला ग्राहकाला विचारून ताळा जुळवावा लागे. २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २००२२ या मानकात ही माहिती वेगवेगळ्या रकान्यांत देता येते. रिझर्व्ह बँकेची १९ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेली नवी आरटीजीएस प्रणाली याच मानकावर उभारलेली आहे. स्विफ्टच्या सीमापार देयकांतही मार्च २०२३ मध्ये सुरू झालेला जुन्या-नव्या संदेशांच्या सहअस्तित्वाचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. निर्यातदारांनी आपल्या बँकेकडून या रकान्यांतील बीजक क्रमांक आपल्याला जसेच्या तसे मिळतात का, हे विचारून घ्यावे. ही माहिती संदेशात असूनही ग्राहकाच्या खातेउताऱ्यात उतरली नाही, तर तिचा लाभ मिळत नाही.

निवडीचे निकष

एवढ्या पार्श्वभूमीनंतर निवडीकडे वळता येईल. पुढील प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधल्यास निर्णय सोपा होतो.

कायदा काय सांगतो? कर, सीमाशुल्क वा नियामक संस्थेने साचा ठरवून दिला असेल, तर तेथे निवडीला वाव नसतो. जीएसटी पोर्टलला आयएनव्ही-०१ जेसॉनच द्यावा लागतो. निर्यात बीजकातही हेच लागू आहे. तेथे परदेशी खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाच्या जागी ‘यूआरपी’ आणि पिन कोडच्या जागी ९९९९९९ असे भरायचे असते.

मोठा ग्राहक काय मागतो? व्यवहाराचे पारडे ज्याच्याकडे झुकलेले असते त्याचाच साचा सहसा चालतो. अमेरिकी साखळी दुकानांसाठी एक्स-१२, युरोपीय मोटार वा किरकोळ उद्योगासाठी एडिफॅक्ट, युरोपीय सरकारी खरेदीसाठी ईएन १६९३१ वर आधारलेले एक्सएमएल, हे सर्वसाधारण चित्र आहे. मानकाचे नाव ऐकून थांबू नये. त्या ग्राहकाची अंमलबजावणी पुस्तिका आणि आवृत्ती क्रमांक मागून घ्यावा, कारण एकाच मानकाचे दोन ग्राहक दोन वेगळे रकाने अनिवार्य करतात.

दोन्ही बाजूंना मोकळीक असल्यास काय? दस्तऐवज दीर्घकाळ जपायचा असेल, त्यावर स्वाक्षरी हवी असेल, उतरंड गुंतागुंतीची असेल आणि कडक तपासणी आवश्यक असेल, तर एक्सएमएल, आणि त्यातही यूबीएलसारखा तयार शब्दकोश घ्यावा. व्यवहार क्षणोक्षणी होणारे, छोटे आणि एपीआयवर चालणारे असतील, उदाहरणार्थ साठ्याची चौकशी वा मालाच्या वाहतुकीची सद्यःस्थिती, तर जेसॉन सोयीचा. महिन्यातून एकदा दरपत्रक पाठवायचे असेल, तर सीएसव्ही पुरेसा आहे. प्रोटोकॉल बफर्ससारखे द्विमान फॉरमॅट वेगवान असले तरी ते एकाच संस्थेच्या अंतर्गत प्रणालींना अधिक शोभतात. वाद झाल्यास दोन्ही पक्षांना उघडून वाचता येईल असा दस्तऐवज व्यापारात उपयोगी पडतो.

पोच कशी मिळणार? एक्स-१२ मधील ९९७ ही पोच संदेश वाचता आला एवढेच सांगते. आदेश मान्य आहे हे सांगायला ८५५ हा वेगळा संदेश असतो. अनेक वादांचे मूळ या दोन पोचांची गल्लत करण्यात असते. करारात दोन्हींचा उल्लेख असावा.

माहिती किती वर्षे टिकवायची? जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तोवर सॉफ्टवेअर बदललेले असू शकते. म्हणून मूळ स्वाक्षरीयुक्त फाइल, तिची स्कीमा आणि आवृत्ती क्रमांक एकत्र जतन करावेत. छापील प्रतीवरून डिजिटल स्वाक्षरी पडताळता येत नाही.

बाहेर पडण्याची वाट आहे का? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. एखाद्या विक्रेत्याचा स्वतःचा बंदिस्त साचा वापरला, तर पुढे सॉफ्टवेअर बदलताना स्वतःचीच माहिती सोडवून घ्यायला पैसे मोजावे लागतात. खरेदीपूर्वीच संपूर्ण माहिती खुल्या व दस्तऐवजीकरण केलेल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून मिळेल, अशी लेखी अट घालावी.

मधला साचा

दहा ग्राहक आणि दहा साचे असतील, तर प्रत्येक साच्यासाठी प्रणालीत स्वतंत्र बदल करणे हा खर्चिक मार्ग होय. अनुभवी संस्था आपल्यापुरता एक अंतर्गत साचा ठरवतात आणि प्रत्येक ग्राहकासाठी त्यातून फक्त एक रूपांतर लिहितात. पाच प्रणाली एकमेकींशी थेट जोडायच्या, तर दोन्ही दिशांची मिळून वीस रूपांतरे लागतात. मध्ये एक सामायिक साचा ठेवला, तर दहा पुरतात. प्रणालींची संख्या वाढेल तसा हा फरक झपाट्याने वाढतो. अंतर्गत साच्यात ईएन १६९३१ वा आयएनव्ही-०१ मधील रकान्यांचे अर्थ आधारासाठी घेतले, तर आवश्यक माहिती राहून जाण्याची शक्यता कमी होते.

लहान उद्योगाला स्वतःचा संगणक विभाग नसतो. त्याने ही कामे लेखाप्रणालीच्या विक्रेत्याकडे वा सेवा पुरवठादाराकडे सोपवणे योग्यच आहे. तरीही रकान्यांचा नकाशा, म्हणजे आपल्याकडील कोणती माहिती ग्राहकाच्या कोणत्या रकान्यात जाते याची यादी, स्वतःजवळ लेखी ठेवावी. पुरवठादार बदलला तरी ती यादी कामी येते. नवी जोडणी सुरू करताना पहिले काही आठवडे कागदी वा पीडीएफ बीजक समांतर पाठवावे आणि परतावा, सूट, अंशतः पुरवठा, बीजक रद्द करणे, अशा अपवादात्मक व्यवहारांची चाचणी आवर्जून घ्यावी. सरळ व्यवहार बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात जातात. प्रणालीची परीक्षा होते ती क्रेडिट नोटमध्ये.

सारांश, कायद्याने ठरवलेला साचा निमूटपणे पाळावा, ग्राहकाचा साचा त्याच्या पुस्तिकेनुसार द्यावा आणि जेथे स्वातंत्र्य आहे तेथे खुले, प्रकाशित व अनेकांनी वापरलेले मानक निवडावे. दिनांक, रक्कम, एकक आणि ओळख या चार गोष्टींचा अर्थ करारातच लिहून ठेवला, तर पुढे फॉरमॅट बदलला तरी हिशेब बिघडत नाही.